गच्चीवरचे साडेपाच मीटर

आमची सोसायटी मुंबईत पार्ले पूर्वेला, विमानतळाच्या जवळ आहे. तळ अधिक तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. सात वर्षांपासून रीडेव्हलपमेंटचं गुऱ्हाळ चालू आहे आणि सेक्रेटरी म्हणून त्यातली चार माझ्या वाट्याला आली. या चार वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकले. ‘बिल्डिंग किती उंच होणार?’ या साध्या प्रश्नाला एक उत्तर नसतं.

पहिल्या बिल्डरने गुळगुळीत कागदावर बारा मजले काढून आणले होते. नाव लिहीत नाही. सगळे खूश. बाराव्या मजल्यावरून समुद्र दिसेल का, यावर जिन्यात चर्चा रंगल्या. मग विमानतळ प्राधिकरणाची एनओसी आली. तीत मजले नव्हतेच, एकच आकडा होता: ४४.८० मीटर.

बारा मजले आरामात बसतात की, असं वाटलं. आर्किटेक्ट हसला. म्हणाला, "मॅडम, हे समुद्रसपाटीपासून आहे. तुमची जमीनच ८.३० मीटरवर आहे." म्हणजे हातात राहिले ३६.५०.

पालिका उंची मोजते ती इमारतीच्या भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून गच्चीपर्यंत. वरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीन रूम त्यात धरत नाहीत. विमानवाल्यांना मात्र जमिनीशी देणंघेणं नाही. त्यांचं समुद्रापासून सुरू होतं आणि सगळ्यात वरच्या टोकाला संपतं. टाकी, जिन्याचं टोपडं, टीव्हीचा अँटेना, वीजरोधकाची सळई, सगळं त्या ४४.८० च्या आत. बरोबरच आहे म्हणा, विमानाला टाकी काय नि माणूस काय.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. खाली गाड्यांसाठी स्टिल्ट, ४ मीटर. मजल्याला २.९० प्रमाणे नऊ मजले, २६.१०. गच्ची आली ३०.१० वर. गच्चीच्या वर मशीन रूम आणि टाकी मिळून साडेपाच मीटर. बेरीज ३५.६०. शिल्लक ९० सेंटिमीटर. त्यात फार तर वीजरोधक उभा राहील, दहावा मजला नाही. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते तेवढं क्षेत्र, कागदावर उरलाय, पण तो चढवायचा कुठे?

आमचाच आकडा इतका कमी का, हे बघायला मी २०१५ चे केंद्राचे उंचीचे नियम वाचले. (निवृत्त बाईला वेळ असतो.) धावपट्टीच्या टोकापुढे जी अदृश्य उतरण असते, जिच्या वर बांधकाम जाऊ द्यायचं नाही, ती पन्नास मीटरला एक मीटर अशी हळूहळू चढते. बाजूंना ती सात मीटरला एक अशी झपाट्याने वर जाते आणि विमानतळाच्या पातळीच्या वर ४५ मीटरला पोचली की बराच पट्टा सपाट राहते. आपण ज्याला सरसकट ‘फनेल झोन’ म्हणतो, त्यात असे वेगवेगळे उतार आहेत. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांना वेगळे आकडे मिळतात, आणि समोरच्यांनी काहीतरी ‘मॅनेज’ केलं अशी बोलवा उठते.

एनओसीत आणखी एक अट होती. विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत तेल, वीज किंवा विमानांना धुराचा त्रास होणार नाही असंच इंधन वापरायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी भर सभेत विचारलं, "मग कोजागरीला आपण गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवतो, त्याचं काय?" अर्धा तास त्यातच गेला.

आता दुसरा बिल्डर आहे. हा म्हणतो, मशीन रूम नसलेली लिफ्ट बसवू. गच्चीवरचे दोन मीटर वाचतात. ९० सेंटिमीटर अधिक दोन मीटर, म्हणजे बरोबर २.९०. दहावा मजला! तो अर्थात त्याच्या विक्रीचा. पण आता वीजरोधकाला बोटभरही जागा नाही. शिवाय गच्ची जाते ३३ मीटरवर, आणि पालिकेच्या नियमात ३२ मीटरच्या वर ‘हायराईज’ इमारत सुरू होते. मग २४ मीटरच्या वर आगीच्या वेळी थांबायला रेफ्यूज एरिया हवा, अग्निशमनाच्या अटी वाढतात, बाजूला मोकळी जागा जास्त सोडावी लागते. ती जागा कुणाच्या खोल्यांतून कापणार, हे त्याच्या नकाशात अजून दिसलेलं नाही.

त्यात तळमजल्यावरच्यांची मागणी. दर जुलैत त्यांच्या घरात घोटाभर पाणी येतं. तेव्हा भर घालून प्लॉट दोन फूट उचला, असा त्यांनी लेखी अर्जच दिलाय. समुद्राच्या हिशोबात ते साठ सेंटिमीटर सरळ आपल्या खिशातून जातात. नऊच मजले ठेवले तर जमतं, वर ३० सेंटिमीटर उरतात. दहा केले तर नाही.

परवाच्या सभेत मी हे फळ्यावर मांडलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "पण काकू, तळमजल्यावर आता राहणार कोण? गाड्याच असतील ना!"

तळमजल्यावरच्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हो. आणि लिफ्टचा खड्डाही तिथेच असेल."

सभा तहकूब केली. दहाव्या मजल्यावर मतदान पुढच्या रविवारी आहे.