पितळी ब्लॉक आणि पिकअपचं कव्हर

गेल्या आठवड्यातली एक गिटार डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. हिंजवडीत आयटीत काम करणारा एक मुलगा टिळक रोडजवळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये स्ट्रॅट टाइप इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला, ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात तिथे) क्रोम कव्हरचा हंबकर, म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा दोन कॉइलचा पिकअप. तक्रार एकच. "दादा, टोन नॉब फुल केला तरी घोंगडी पांघरल्यासारखा आवाज येतो."

तोवर त्याचा बराच खर्च झाला होता. एका दुकानदाराने सांगितलं की ट्रेमोलोचा (दांड्याने तारांचा ताण बदलायच्या यंत्रणेचा) ब्लॉक झिंक अलॉयचा आहे, तोच आवाज खातो, पितळी टाक. मग याने भोसरीत एका टर्नरकडून पितळी ब्लॉक करून घेतला. आणि काय काम होतं ते! तीन स्क्रूची भोकं प्लेटशी तंतोतंत, आर्मचा, म्हणजे दांड्याचा, एम ६ आटा स्वच्छ, तारेचा बॉल एंड बसतो ती जागा सहाही भोकांत सारख्याच खोलीवर. भोसरीच्या लेथवाल्यांना गिटार माहीत नसेल पण माप माहीत असतं, आपले गिटारवाले त्यांच्याकडे जायचं सोडून बाहेरून महागडे पार्ट का मागवतात मला खरंच कळत नाही.

एवढं करून आवाज तसाच. झिंक अलॉयची घनता साधारण 6.7 ग्रॅम प्रति घन सेंमी, पितळेची 8.5, म्हणजे ब्लॉक जड झाला हे खरं, आणि तार जिथे टेकते तिथलं वस्तुमान बदललं की तिची एनर्जी किती लवकर बॉडीत जाते त्यात थोडा फरक पडतो हेही खरं. पण थोडा. नटचंही (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तो) तसंच, हाडाचा असो की पितळेचा, तो फक्त मोकळ्या तारेला लागू, बोट दाबलं की तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर टेकते, नटचा संबंध संपला. हे दुकानात कोणी सांगत नाही कारण त्याने काही विकलं जात नाही.

मी नवीन 10-46 जाडीच्या तारा चढवल्या, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपची उंची 2 मिमीला आणली, पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) तपासला, 500के ओहम, बरोबर. कॉइलचं रीडिंगही साडेआठ हजार ओहमच्या आसपास, म्हणजे मल्टिमीटरच्या मते सगळं ठणठणीत. मला संशय कव्हरचा होता आणि तो मल्टिमीटरवर दिसत नाही, लोहचुंबकानेही कळत नाही, कारण चांगलं कव्हर निकेल सिल्व्हरचं (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) असतं आणि स्वस्त कव्हर पितळेचं, चुंबक दोन्हीला चिकटत नाही. कॉइलसमोर तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कव्हरच्या पत्र्यातही एडी करंट, म्हणजे विजेचे भोवरे फिरतात, ते त्या बदलाला विरोध करतात, फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितका जास्त. पितळेतून वीज निकेल सिल्व्हरपेक्षा कितीतरी सहज वाहते, म्हणून ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज, तिथेच मरतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या जुन्या पिकअपांवर कव्हर बहुतेक निकेल सिल्व्हरचंच असायचं, आणि सत्तर वर्षांनंतरही पितळेवर क्रोम चढवून माल खपवतात याचा मला राग येतो.

कव्हर काढणं नाजूक काम. मागे दोन ठिकाणी सोल्डर असतं, सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरलं तर आतलं मेण वितळून कॉइलपर्यंत उष्णता जाते, म्हणून 60 वॉटचं गरम आयर्न आणि सोल्डर शोषून घेणारी डिसोल्डरिंग जाळी घेऊन पटकन उरकायचं. निघालं. आतून कानसीने खरवडलं, पिवळंधमक, म्हणजे पितळच.

काढायच्या आधी आणि नंतर, त्याच तारा, तीच उंची, तीच केबल, दोन्ही क्लिप लॅपटॉपवर घेतल्या होत्या. त्याला ऐकवल्या. डोळे मोठे करून म्हणाला, "दादा, ब्लॉकने शेवटी काम केलं की!"

मी समजावलं, ब्लॉक दोन्ही क्लिपमध्ये तोच आहे. मान डोलावली, पण त्याला पटलं असं वाटलं नाही. त्याच्या जुन्या मोबाइल क्लिप वेगळ्या तारांच्या, वेगळ्या अँपच्या, त्यावरून ब्लॉकने काय केलं हे सांगताच येत नाही. प्लग न लावता वाजवली तर पितळी ब्लॉकवर तिसऱ्या तारेचा आवाज मला जरा जास्त वेळ टिकतो असं वाटलं, ते तारा नवीन म्हणून की पितळेमुळे, हे सुटत नाहीये. निकेल सिल्व्हरचं कव्हर मागवलंय. जुना झिंकचा ब्लॉक त्याच्याकडून मागून ठेवलाय, कव्हर आलं की दोन्ही ब्लॉक आलटून पालटून लावणार, प्रत्येक वेळी कोऱ्या तारा.