हेच का ते विमान? तुम्ही विचारलंत म्हणून

एक फोटो येतो. चौथऱ्यावर बसवलेलं पिवळं विमान, पंखावर कबुतरं, खाली शोभेची झुडपं. सोबत एकच ओळ असते: “काका, हेच का ते?” ‘ते’ म्हणजे आजोबा शिकले ते, किंवा वडिलांनी ज्याचं इंजिन उतरवलं ते. मी उलट चार गोष्टी विचारतो. लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, आहे का? नाकाचा बाजूने काढलेला फोटो आहे का? आतली कारखान्याची पाटी शाबूत आहे का? दुसऱ्या फोनपर्यंत समोरचा माणूस वैतागतो. “हो की नाही, एवढंच सांगा ना. एवढं आयुष्य हँगरमध्ये काढलंत.”

काढलं, म्हणूनच सांगत नाही. पण ‘हा माणूस आढेवेढे घेतो’ असं माझ्याबद्दल बोललं जातं, ते आता मला टोचायला लागलंय.

विमानाचा प्रकार विचारत असाल तर उत्तर लगेच देतो, त्यात माझी मिजास आहे. पुष्पक आणि कृषक यांत गल्लत करणारे निम्मे लोक नावावरून करतात, उरलेले वरच्या पंखावरून. पुष्पक १९५८ सालचं, नव्वद अश्वशक्तीचं, दोन माणसांचं, फ्लाइंग क्लबात वाढलेलं. कृषक त्याचंच थोराड भावंड. नावात शेती असली तरी काम लष्कराचं, तोफखान्याचे गोळे कुठे पडतायत ते वरून बघायचं. नाकात २२५ अश्वशक्तीचं आडवं इंजिन, म्हणून नाक रुंद. त्याच कामावर कृषकच्या आधी असलेल्या ऑस्टर एओपी ९ मध्ये उलटं टांगलेलं चार सिलिंडरचं इंजिन होतं, म्हणून त्याचं नाक अरुंद आणि खोल. टायगर मॉथ या जुन्या दुपंखी शिकाऊ विमानाचं वरचं पंख मागे झुकलेलं असतं, आणि शेपटीच्या पुढे दोन लांबट पट्ट्या दिसल्या तर त्या गिरकीतून सावरायला सोपं जावं म्हणून युद्धकाळात बसवलेल्या. पट्ट्या नाहीत म्हणून विमान त्याआधीचं, असं मात्र समजू नका. नंतर काढूनही टाकल्या जायच्या.

राहिलं एचटी-२. मला येणाऱ्या फोटोंत सर्वांत जास्त तेच असतं, आणि मी कोल्हापूरकडचा असल्यामुळे त्याच्याबद्दल दोन वाक्यं जास्तच बोलतो. ते रचलं डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा हा माणूस जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीचे पंडित प्रांट्‌ल यांच्या हाताखाली शिकला आणि बंगळुरूला एचएएल या विमान कारखान्यात येऊन त्याने देशाला शिकाऊ वैमानिकांसाठी पहिलं स्वतःचं विमान दिलं. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. सुमारे १७० बनली. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी जमीन पहिल्यांदा सोडली ती यात बसून, म्हणून घरोघरच्या लॉगबुकांत पहिल्या पानावर एचटी-२ असतं आणि घरोघरी एकच प्रश्न असतो.

प्रश्न ‘एचटी-२ आहे का’ एवढाच असता तर मी आनंदाने ‘हो’ म्हणून फोन ठेवला असता. ‘तेच’ एचटी-२ म्हटलं की खरी पंचाईत. अंगावर रंगवलेल्या नंबरला मी पुरावा मानत नाही. टायगर मॉथचं तर अंगच कापडाचं. कापड बदललं की नंबर त्या कापडाबरोबर जातो आणि नव्या कापडावर पेंटर लिहील तो नंबर. दुसऱ्या महायुद्धात सरकारने इथल्या क्लबांची विमानं ताब्यात घेतली, नागरी नोंदणीची व्हीटी अक्षरं पुसून लष्करी नंबर घातले. युद्धानंतर विमानं परत नागरी झाली, तेव्हा पुन्हा वेगळी अक्षरं. एकाच सांगाड्याची तीन नावं, आणि दोन बदलांमधला कागद वाळवीने खाल्लेला. धातूच्या एचटी-२ची गत निराळी, पण बरी नाही. सेवेतून काढल्यावर ती कॉलेजांना, एनसीसीला शिकवण्यासाठी दिली. तिथे मुलांनी उघडली, जोडली, एकाचं झाकण दुसऱ्याला लावलं.

मुद्दाम दुसऱ्याचा नंबर लावलेलीही असतात, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. हवाई दलाच्या वारसा ताफ्यात २०१८ साली आलेलं ‘परशुराम’ हे डकोटा जातीचं वाहतुकीचं विमान घ्या. त्यावर व्हीपी ९०५ आहे, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैन्य घेऊन श्रीनगरला सर्वांत आधी उतरलेल्या डकोटाचा नंबर. हे विमान ते नव्हे. आयर्लंडमध्ये भंगारातून मिळालेलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेलं दुसरंच. नंबर मानाचा आहे, कुणी लपवलेलं नाही, मला स्वतःला ते विमान आवडतं. पण त्याच्यासमोर उभं राहून ‘हेच ते’ म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता ज्या प्रसंगावरून मला ‘फार खरवडणारा’ म्हणतात, तो सांगतो. नावं घेणार नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या आवारात एचटी-२ उभं आहे. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका साहेबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्यांच्या लॉगबुकात पहिल्या सोलोच्या ओळीत जो नंबर होता, नेमका तोच या विमानाच्या शेपटाजवळ रंगवलेला. मुलाने संगमरवरी पाटी करायला टाकली होती: याच विमानातून अमुक अमुक यांनी पहिलं एकट्याने उड्डाण केलं. कॉलेजने म्हटलं, कुणा जाणकाराचं दोन ओळींचं पत्र आणा. म्हणून मी.

मी गेलो तेव्हा काकूही आल्या होत्या. खुर्ची टाकून झाडाखाली बसल्या. “हे मला इथे घेऊन आले होते,” त्या म्हणाल्या. “हात लावून दाखवलं. म्हणाले, हेच.”

मी शिडी लावली. नाक रुंद होतं, म्हणजे आत लायकॉमिंग इंजिन. मूळची एचटी-२ सिरस मेजर इंजिनाची, उलट्या सिलिंडरांची, अरुंद नाकाची. साहेबांच्या अल्बममधलं विमान अरुंद नाकाचं. यावरून काहीच ठरत नाही, कारण हवाई दलाने नंतर अनेक एचटी-२ना लायकॉमिंग बसवलं. कॉकपिटमध्ये पाटीच्या जागी रिव्हेटची भोकं. पाटी कुणीतरी आठवण म्हणून नेलेली, हे नेहमीचं. मग मी झाकणं उघडली. हँगरात विमानं एकसारखी असतात, म्हणून उतरवलेलं झाकण परत त्याच विमानाला लागावं यासाठी आतल्या बाजूला नंबरचे शेवटचे आकडे मारून ठेवतात. बाहेरचा रंग कितीदा बदलला तरी आत सहसा कुणी रंगवत नाही. इंजिनाच्या झाकणात एक आकडा होता, शेपटाच्या झाकणात वेगळा. उजव्या पंखाखालच्या झाकणात साहेबांच्या नंबरचे शेवटचे दोन.

मुलगा खालून ओरडला, “मिळालं ना?”

मी म्हटलं, थांबा. शेपटाजवळच्या नंबरवर, कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत पॉलिश पेपर फिरवला. पिवळ्याखाली पिवळा, त्याखाली जुने काळे आकडे. ते वेगळे होते.

कॉलेजचा म्हातारा शिपाई शिडी धरून उभा होता. तो सहज बोलून गेला, “साहेब आले होते ना पाहुणे म्हणून, तेव्हा रंगकाम चालू होतं. नंबर त्यांनीच सांगितला. पेंटरला खिशातून कागद काढून दिला.”

हे काकूंनी ऐकलं. त्यांनी मला विचारलं, “म्हणजे ते माझ्याशी खोटं बोलले?”

यावर काय बोलायचं असतं, ते मला आजही सुचलेलं नाही. मी झाकणांबद्दल बोलत राहिलो. उजव्या पंखाचे आकडे जुळतात असं सांगितलं, डेपोत पंखं एकमेकांची लावत असं सांगितलं. दोन आकडे जुळणं म्हणजे फार नाही हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. मुलगा लाल झाला. “तुम्हाला दोन ओळी मागितल्या होत्या. इतकं खरवडायला कुणी सांगितलं होतं?”

पत्र मी दिलं. त्यात लिहिलं: हे एचटी-२ आहे. त्याचे भाग किमान तीन विमानांचे आहेत. सध्याचा नंबर मूळचा नाही. उजव्या पंखाचं झाकण साहेबांच्या लॉगबुकातल्या विमानाचं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. यातलं फक्त शेवटचं वाक्य त्यांनी कॉलेजला दाखवलं. संगमरवरी पाटी बसली. मला आमंत्रण नव्हतं.

लोक म्हणतात, काय बिघडलं असतं ‘हो’ म्हटलं असतं तर? काकूंचं काहीच बिघडलं नसतं, मान्य. पण त्याच नंबरचं विमान दुसरीकडे कुठे भंगारात मूळ पाटीसकट पडलेलं असेल, तर माझ्या ‘हो’मुळे उद्या ते विकलं जाताना कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. ‘ते तर कॉलेजात आहे’ म्हणून. माझं एक पत्र असं दुसऱ्या विमानाच्या मुळावर येतं. हे मी त्या मुलाला तेव्हाही सांगितलं. त्याला ते बहाण्यासारखं वाटलं.

आणि खरं सांगू? माझ्या तरुणपणीच्या स्वतःला तर हे सगळंच हास्यास्पद वाटलं असतं. तो पठ्ठ्या फोटोंच्या मागे लाल पेनने ‘नकली’ असं लिहायचा. मूळ सांगाडा, मूळ पाटी, मूळ कागद, तिन्ही असेल तर विमान, नाहीतर पत्रा. असं म्हणणारा तोच माणूस दिवसा हँगरात दोन मोडक्या पुष्पकांचं एक करत होता. एकाचं फ्यूजलाज, म्हणजे धड, दुसऱ्याची पंखं. ज्याचे कागद चालू, त्याचं नाव. ते विमान पुढे कित्येक वर्षं उडालं, पोरं त्यावर शिकली, त्यांच्या लॉगबुकात ते नाव गेलं. त्यातलं कुणी उद्या फोटो पाठवून ‘हेच का ते’ विचारलं, तर मी लाल पेन काढू?

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, दगड बदलतात, शिखर बदलतं, तरी देऊळ तेच, असं मला एकाने ऐकवलं. पण तिथे मूर्ती जागची हलत नाही. विमानात मूर्ती कोणती? कायदा म्हणेल पाटी. मी म्हणायचो सांगाडा. साहेबांनी बहुधा काहीतरी तिसरंच धरलं होतं, आणि ते बावळट नव्हते. रुंद नाक त्यांना दिसलंच असणार. ज्या विमानाला आपण हात लावतोय ते आपलं नाही हे माहीत असताना त्यांनी नंबरचा कागद खिशात घालून आणला होता. बायकोला फसवायला की स्वतःला पुरवायला, हे मी ठरवत बसत नाही. काही दिवस मला त्यांचा रागही यायचा. माझ्या कामाचा सगळा आधार नंबरावर, आणि ज्याला त्याची किंमत सर्वांत जास्त ठाऊक, त्यानेच तो पेंटरच्या हातात दिला.

तेव्हा ‘हो की नाही’ मी यापुढेही सांगणार नाही. कुठला भाग कुठून आला असावा ते सांगेन, कशावरून म्हणतो तेही सांगेन. एवढ्यावर भागत नसेल तर दुसरे पुष्कळ जाणकार आहेत, आणि त्यांची पत्रं एका ओळीची असतात.

भागत असेल तर असं करा. चौथऱ्याखाली उभं राहून काढलेली सेल्फी नको. नाकाचा फोटो बाजूने आणि समोरून. शेपटाचा दोन्ही बाजूंनी. परवानगी मिळाली तर एकेक झाकण उघडून आतली बाजू, तिरका उजेड पाडून. लॉगबुकाचं फक्त ते एक पान नको, आधीचं आणि नंतरचंही पाठवा, कारण नंबर लिहिताना तीनचा आठ सगळ्यांच्याच हातून होतो. आणि विमान २६ जानेवारीसाठी रंगवायचं ठरलं असेल, तर कंत्राटदार पॉलिश पेपर घेऊन यायच्या आत मला फोन करा. नंतर केलात तर मी फार वाईट बोलतो.