दोन मिलिमीटरच्या बिटाला चार पैलूंची धार

तीन मिलिमीटरखालचं ड्रिल बिट बोथट झालं की बरेच जण सरळ टाकून देतात. मोठ्या बिटासारखं मनगट फिरवत ग्राइंडरवर घासावं, तर ते बोटांत धड मावत नाही आणि चाकाला टेकताच टोक निळं पडतं. पण छोट्या बिटाला ती फिरवाफिरवी लागतच नाही. प्रत्येक धारेमागे दोन सपाट पैलू काढले की झालं, आणि ते डायमंड प्लेटवर हाताने निघतात. १ ते ३ मिमीच्या एचएसएस (हायस्पीड स्टील, म्हणजे नेहमीच्या पोलादी) बिटांसाठी याहून भरवशाची पद्धत मला दिसत नाही.

६०० ग्रिटची (बारीक कणांची) डायमंड प्लेट, पिन व्हाइस (बारीक बिट जबड्यात धरणारी हातातली दांडी) आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल. पिन व्हाइसच्या दांड्यावर षट्कोनी नट घट्ट बसवा. नटाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, त्यामुळे बिट नेमकं अर्ध्या वळशात उलटतं.

प्लेट लाकडी ठोकळ्यावर उभी चिकटवा. तिच्यासमोर उतरती फळी ठेवा: उंच बाजू प्लेटकडे, १०० मिमीला २१ मिमी उतार, म्हणजे १२ अंश. पिन व्हाइस टेकवायला फळीवर प्लेटशी ५९ अंशांचा कोन करणारी पट्टी ठोका, की दोन्ही बाजू मिळून टोक ११८ अंशांचं होतं. नट पुढे एका जागी अडावा म्हणून खिळा मारा. दोन्ही धारा सारख्या होणं या खिळ्यावरच अवलंबून आहे, तेव्हा इथे घाई नको.

बिट जबड्याबाहेर १० मिमीपेक्षा जास्त काढू नका, ते वाकतं. खाच (बिटावरची पिळाची नाळ) वर आणि धार प्लेटला समांतर, हे भिंगातून बघूनच जबडा आवळा. आता बिट धरून ठेवा आणि प्लेटचा ठोकळा हलक्या हाताने मागेपुढे सरकवा. नट खिळ्याला टेकला की उलटवून दुसरी बाजू. जुनी झिजलेली चकाकी पूर्ण गेली पाहिजे.

मग १०० मिमीला ५८ मिमी उताराची दुसरी फळी. या ३० अंशांवर मागचा पैलू घासत राहा आणि दर चार-पाच घाशांनी भिंगातून बघा. दोन पैलूंमधली रेघ बरोबर मध्यापर्यंत यायला हवी. अलीकडे राहिली तर टोकावर आडवी बोथट धार उरते आणि बिट पंचच्या खुणेवरून घसरतं. पलीकडे गेली तर पुढची धारच खाल्ली जाते, मग पहिल्यापासून सुरुवात.

तपासणी ॲल्युमिनियमच्या तुकड्यात करा. दोन्ही खाचांतून सारखा कीस निघाला पाहिजे. त्याच बिटाचा मागचा दांडा भोकात घालून बघा. सैल हलला तर एक धार लांब आहे, आणि भोक मोठं पडतंय. कोन दोन अंशांनी चुकला तर फारसं बिघडत नाही, धारा असमान असल्या तर मात्र सगळंच बिघडतं. बिट नुसतं घासतंय, तापतंय, आत जात नाही, असं झालं तर धारेमागचा भाग खाली गेलेला नाही. पहिला उतार थोडा वाढवा.

पितळेत बिट एकदम ओढलं जातं. त्यासाठी धारेच्या खाचेकडच्या बाजूवर, बिटाच्या अक्षाला समांतर, बारीक दगडाचा एकच हलका घासा द्या.

पीसीबीची (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांची) ३.१७५ मिमी दांड्याची कार्बाइड बिटं या वाटेला नेऊ नयेत. ती हाताच्या दाबानेच तुटतात आणि त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. १ मिमीखालचं एचएसएस बिटही नवंच घ्यावं.