अ‍ॅनाटॉमीच्या दारातला जीवखडा

मेडिकल कॉलेजात देहदानाचा फोन आला की आम्ही विचारतो ते प्रश्न माणुसकीचे वाटत नाहीत. कधी गेले? कशाने? पोस्टमॉर्टेम झालंय का? कावीळ, टीबी, एचआयव्ही? पाठीला जखमा? वजन अंदाजे किती? पलीकडचा माणूस दोन तासांपूर्वी पोरका झालेला असतो. पण पोस्टमॉर्टेम झालेला किंवा संसर्ग असलेला देह आम्हाला घेता येत नाही आणि दारात आणल्यावर परत पाठवणं त्याहून वाईट. एकदा तेही करावं लागलंय. पुन्हा नको.

त्या रविवारी फोनवरचा मुलगा मात्र सगळी उत्तरं तयार ठेवून बोलत होता. वय ८१, झोपेतच गेले, डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला, चार-अ फॉर्म, दिलाय, नेत्रपेढीची माणसं येऊन गेली. "बाबांनीच यादी करून ठेवली होती मॅडम. फ्रिजवर चिकटवली होती."

तीनच्या सुमारास अ‍ॅम्ब्युलन्स आली. भर पाऊस. बरोबर आठ-दहा माणसं आणि त्यात निम्म्या बायका. गेलेल्यांच्या पत्नी, काकू, स्वतः पुढे होत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "तुम्ही नका येऊ आत." त्यावर त्या म्हणाल्या, "हे काय स्मशान आहे? कॉलेज आहे." आणि चपला काढून आत आल्या. खरं तर आमच्याकडे चपला कुणी काढत नाही.

कागदांपाशी गाडी अडली. लोकांना वाटतं, फॉर्म भरला की झालं. पण तो फॉर्म म्हणजे फक्त इच्छा. नातेवाईक नको म्हणाले तर आम्ही देह घेत नाही. मोठ्या मुलाने सही केली. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या हातात पेन काही जाईना. "आग नाही, राख नाही," तो म्हणाला. "मी केलं काय मग त्यांचं?"

अशा वेळी मी समजावत नाही. आमच्याकडे दीडशे मुलं आणि त्या वर्षी टेबलांवर सात देह होते. १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली बेवारस देह मिळायचे, त्यावरच कित्येक वर्षं भागलं. ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं अशा माणसांवर आम्ही सगळे शिकलो. म्हणून मला देह हवाच असतो. आणि हवा असलेल्याने समजावू नये, असं माझं मत आहे.

काकूंनी मात्र मलाच धरलं. "अस्थी कधी मिळतील?"

हा प्रश्न फॉर्ममध्ये नसतो. मी खरं ते सांगितलं: वर्ष-दोन वर्षं मुलं शिकतील. नंतर जे उरेल त्याचं दहन आम्ही करतो, पण हाडं बहुधा शिकवायला ठेवतो. घरी काही मिळणार नाही.

"म्हणजे खोलून बघणार."

"हो."

"चाळीस वर्षं एसटीच्या डेपोत इंजिनं खोलली त्यांनी," त्या म्हणाल्या. "रविवारी घरातला मिक्सरसुद्धा. जोडता यायचा नाही कधी कधी." मोठा हसला. धाकटाही हसला आणि तिथेच रडायला लागला. मग त्याने सही केली.

पण त्याचं संपलं नव्हतं. गुरुजींना फोन लावून त्याने विचारलं होतं. ते म्हणाले, दहाव्याला जीवखडा लागेल. स्मशानात मडक्याला भोक पाडायला जो दगड उचलतात तोच दहा दिवस सांभाळायचा असतो, पिंड त्याच्यापुढेच. इथे मडकं नाही, चिता नाही. निदान खडा तरी इथलाच हवा.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आमच्या आवारात दोन वर्षांपूर्वी सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले. पार्किंगपासून हॉस्टेलपर्यंत साधा दगड म्हणून नाही. वीस वर्षं शरीररचना शिकवतेय, पण खडा कुठून आणायचा ते मला सुचेना.

विभागातले मामा काही न बोलता छत्री घेऊन गेले. नव्या लेक्चर हॉलचं बांधकाम चालू होतं, तिथल्या खडीच्या ढिगातून एक खडा घेऊन आले. हात धुवायच्या बेसिनमध्ये तो धुतला, देहाच्या पायांपाशी क्षणभर टेकवला आणि धाकट्याच्या ओंजळीत ठेवला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पायांना टेकवायचा विधी आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. काकूंनी पंचा नीट केला, कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चला."

पुढचं काम थांबवता येत नाही. मांडीच्या सांध्याजवळ छेद, धमनीत नळी, आठ-दहा लिटर द्रव हळूहळू आत जाईपर्यंत उभं राहायचं. फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात. मी हातमोजे चढवत होते तेवढ्यात दारावर टकटक झाली. धाकटाच. भिजलेला, मुठीत रुमाल.

"हा घरात ठेवायचा नसतो म्हणतात. आमचा फ्लॅट आहे तिसऱ्या मजल्यावर. बाहेर फक्त चपलांचं कपाट."

मी मामांकडे पाहिलं.

"गॅलरीत कुंडी आहे का?"

"तुळशीची."

"तुळशीत नको. दुसरी?"

त्याने विचार केला. "कोरफडीची आहे. बाबांनीच लावलेली."

"मग झालं की," मामा म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.