गाडीचं नाक वर केलं: फुफाटा, ऊन आणि ४,९०० मीटरची खिंड

नऊ दिवस, दोन गाड्या. आमची टर्बो (हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा) असलेली डिझेल एसयूव्ही आणि मित्राची बिनटर्बोची पेट्रोल. पहिले चार दिवस वाळवंट, दुपारी पारा ४५ च्या आसपास. मग तीन दिवस नुसता चढ आणि शेवटी ४,९०० मीटरची खिंड. मार्गाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की बोलणं गाडीवरून हॉटेलांवर घसरतं.

आधी माझ्या मूर्खपणाबद्दल. दोन वर्षांपूर्वी मी कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला होता. आवाज झकास यायचा आणि त्या आवाजालाच मी ताकद समजत होतो. निघायच्या महिनाभर आधी सहज म्हणून त्या फिल्टरशेजारी थर्मामीटरची वायर बांधून गर्दीतून चक्कर मारली. बाहेर ३८ अंश, बॉनेटखाली ६४. हवा तापली की विरळ होते. या फरकाने इंजिनाला मिळणारी हवा जवळजवळ ८ टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे मोजून मी गाडीला गरम हवा पाजत होतो. कोन काढला, माळ्यावरचा जुना डबा शोधून परत बसवला. तो बाहेरून, फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आतल्या बाजूने हवा घेतो, आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी ते उगाच केलेलं नसतं.

मग स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा छपराच्या उंचीवरून घेणारा उभा पाइप, गाडीचं वर केलेलं नाक. लोकांना वाटतं ते पाण्यासाठी. माझ्या मते त्याचा रोजचा उपयोग धुळीसाठीच आहे: पुढच्या गाडीने उडवलेली धूळ चाकांच्या उंचीवर सगळ्यात दाट असते, छपराच्या उंचीवर बरीच कमी. तो बसवायला फेंडरला भोक पाडताना हात थरथरतो, खोटं कशाला बोला. कागदाचा साचा चिकटवा, आधी बारीक ड्रिल मारा, दोनदा मोजा, आणि कापलेल्या कडेला रंग लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. डब्याच्या तळाशी पाणी निथळायला रबराची छोटी चोच असते. ती फाटलेली किंवा गायब असेल तर डबा तिथूनच धूळ ओढतो आणि वरच्या नाकाला काही अर्थ उरत नाही. आमची फाटलेली होती. बदलली. स्नॉर्केलच्या तोंडावर फोमचा मोजा चढवला.

तिसऱ्या दिवशी खरा फुफाटा लागला. टाल्कम पावडरीसारखी माती, घोट्यापर्यंत, आणि मधूनमधून पन्हाळी पत्र्यासारखा खडखडणारा रस्ता. मित्राची गाडी मागे. मी वायरलेसवर दोनदा सांगितलं, "अरे अंतर ठेव, माझी धूळ बसू दे." त्याचं उत्तर, "मग तू दिसत नाहीस." संध्याकाळी दोन्ही फिल्टर काढून शेजारी ठेवले. त्याच्या घड्या मातीने बुजलेल्या, आपटला की ढीग पडत होता. आमचा फोमचा मोजा तपकिरी झालेला, पण फिल्टरला नुसता रंग चढलेला. मी खूश.

ती खुशी पाच मिनिटं टिकली. फिल्टरनंतरच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या पाइपात पांढरं फडकं बोटावर गुंडाळून फिरवलं, तर फडक्यावर मातकट पट्टा. म्हणजे धूळ फिल्टरला वळसा घालून थेट टर्बोकडे चालली होती. धुळीत क्वार्ट्झ असतं, ते पोलादापेक्षाही कठीण; टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा ते घासून काढतं. तासभर बॅटरीच्या उजेडात शोधाशोध. डब्यातून निघणाऱ्या वळणदार रबरी पाइपाचा क्लॅम्प (आवळायची पट्टी) बोटाने फिरत होता. स्नॉर्केल बसवताना तो मीच काढला होता, घाईत नुसत्या स्क्रूड्रायव्हरने आवळला होता, आणि खडखडाटाने उरलेलं काम केलं. पाइप ओल्या फडक्याने पुसला, क्लॅम्प बॉक्सपान्याने आवळला, सगळ्या क्लॅम्पच्या स्क्रूवर रंगाची रेघ मारली. रेघ सरकलेली दिसली की क्लॅम्प ढिला झाला. फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवला. तिथून गळती असेल तर ग्रीसवर धुळीची वाट उमटते. तुम्ही बाकी काहीही करू नका, स्नॉर्केलही बसवू नका, पण हे पांढरं फडकं रोज संध्याकाळी फिरवा.

मित्राने मात्र हवा भरायच्या यंत्राने फिल्टर साफ केला, आणि तोही बाहेरून, नळी टेकवून, पूर्ण दाबाने. कागदी फिल्टरला हवा मारायचीच तर आतून बाहेर, कमी दाबाने आणि लांबून. आत टॉर्च धरून पाहिलं तर एका घडीत टाचणीएवढा उजेड. फिल्टर बाद. कागदी फिल्टर दोन जास्तीचे न्या, वजन काहीच नसतं. तेलाचे कापडी फिल्टर अशा प्रवासाला मला पटत नाहीत. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं, आणि फुफाट्यात ते धुऊन वाळवत कोण बसणार?

आता उंची. इथे बरेच जण फसतात, म्हणून स्पष्ट सांगतो: कुठलाही फिल्टर, कुठलंही स्नॉर्केल विरळ हवा दाट करत नाही. ४,९०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५४ टक्के असतो. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद ढोबळमानाने दर हजार मीटरला दहा टक्क्यांनी उतरते. मित्राची गाडी शेवटचे वीस किलोमीटर पहिल्या-दुसऱ्यातच रडत चढली. खिंडीच्या आधी तो म्हणाला, "फिल्टरच काढून टाकू का, मोकळा श्वास घेईल." नका काढू. स्वच्छ फिल्टरचा अडथळा इतका किरकोळ असतो की काढून काही मिळत नाही, आणि घाटात धूळ असतेच.

टर्बो बरीचशी भरपाई करतो, पण त्याला जास्त फिरावं लागतं, दाबलेली हवा जास्त तापते आणि सगळा भार ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर येतो. म्हणून चढ लागण्याआधी इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीतली वाळवंटाची माती आणि किडे काढा. आणि टर्बो जागा व्हायच्या आधी, कमी फेऱ्यांवर, आमचीही गाडी बिनटर्बोचीच असते. वळणावर थांबून पुन्हा उचलताना तिने दोनदा मान टाकली. तिथे सरळ लो रेशो (फोर-व्हील गाडीतले हळू पण जोरकस गिअर) लावा, क्लच जाळू नका.

शेवटचा घोटाळाही माझाच. खिंडीच्या अलीकडे ४,३०० मीटरवर मुक्काम होता. संध्याकाळी मी कौतुकाने फोमचा मोजा धुतला आणि ओलसरच स्नॉर्केलवर चढवला. सकाळी गाडी सुरू झाली, पण ॲक्सिलरेटर दिला की गुदमरायची आणि मागून काळा धूर. इंधन, सेन्सर, टर्बो, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग छपराकडे लक्ष गेलं. मोजा गोठून दगड झाला होता, टिचकी मारली तर टकटक वाजला. काढला आणि गाडी लगेच मोकळी झाली. धुळीचा पट्टा संपला की मोजा काढून ठेवायचा, हे तेव्हा कळलं. परतीच्या उतरणीला तो पुन्हा लागणार होता, म्हणून खिंडीपलीकडच्या मुक्कामी मी त्याला वाळवायला स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपलो.