तुम्ही विचारलंत म्हणून: डबीचा कोपरा

"एवढी सुंदर डबी, कोपरा नीट करून का घेत नाहीस?" घरी येणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं. परवा मामेबहीण "चिक्कूपणा" म्हणाली. म्हणून एकदाच लिहिते.

डबी चांदीच्या तारकामाची, चीनमधल्या कँटनची, एकोणिसाव्या शतकातली, व्हिजिटिंग कार्डं ठेवायची. चांदीच्या दोन केसासारख्या तारा एकत्र पिळून चेपल्या की कडेला बारीक मण्यांची ओळ उमटते. त्याची वेटोळी जाड तारेच्या चौकटीत बसवायची, डाखाची, म्हणजे जोड देणाऱ्या, तारेआधी वितळणाऱ्या धातूची पूड आणि टाकणखार भुरभुरवून आच द्यायची. डाख वितळला पाहिजे, तार नाही. सगळं कसब तेवढ्यात.

अशीच आणखी एक डबी माझ्याकडे होती. तिचं झाकण निखळलं तेव्हा ती एका कारागिराकडे नेली. फार चांगला हात. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "ताई, आधी कुणी काम केलंय का यावर?" मी ठामपणे "नाही" म्हटलं. विकणारा काही बोलला नव्हता, एवढ्याच आधारावर. आत कुणीतरी शिसं-कथलाचा जोड दिलेला होता. शिसं तापलं की चांदी खातं. आच लागली, नक्षीतल्या फुलपाखराचा पंख माझ्या डोळ्यांसमोर आकसला, त्याचा गोळा झाला, मग अख्खी कडच बसली. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. पैसे घेतले नाहीत. मी त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही, पण दोन वर्षं त्या गल्लीत पाऊलही टाकलं नाही. तो दोषच होता.

आणि खात्रीनं बोलणारी मी कोण? कँटनच्या सोनारांनी चांदीवर मारायच्या इंग्रजी छापांची नक्कल केली, सिंह, राजाचं डोकं. त्यावर विसाव्या शतकातले जाणकारही फसले. कित्येक वस्तू इंग्रजी म्हणूनच नांदल्या.

ती डबी दुरुस्तीला नेली तेव्हा मी म्हणायचे, मोडकी वस्तू जपणं म्हणजे मढं जपणं. आजही ते पूर्ण खोटं वाटत नाही. लेझरनं जोड द्यायचा म्हणाल, तर त्यात आच ठिपक्याएवढी राहते, मान्य आहे. एक्स-रेनं धातू तपासून शिसं कळतं, तेही मान्य. दोनदा वेळ ठरवली. दोन्ही वेळा मीच फोन करून रद्द केली.

तुटलेला कोपरा मऊ कागदात गुंडाळून डबीतच ठेवलाय.