अंगणाची चटणी

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास फाटकाशी तणाचा ढीग पडलेला दिसला. माळी कोपऱ्यावर चहा प्यायला गेला होता. ढिगात वर हराळी, मधे कसलं कसलं गवत आणि खाली लालसर देठांची, जाड गुळगुळीत पानांची घोळ. उपटून तासभर तरी झाला असावा. बाकीच्या गवताने माना टाकल्या होत्या आणि ही बाई मात्र टवटवीत. घोळीला मरायची कधीच घाई नसते. मी इकडेतिकडे पाहिलं. साठीला टेकलेल्या माणसाने इंदूरच्या राजेंद्र नगरात भर दुपारी फाटकाशी उकिडवं बसून कचऱ्यात हात घालणं बरं दिसत नाही. पण तोवर हात गेलेला होता.

"अहो, काय करताय तिथे?" गॅलरीतून आवाज आला.

"काही नाही. कोथिंबीर."

"कोथिंबीर फ्रिजमध्ये आहे."

बायको ज्या गॅलरीत उभी होती तिथेच तिच्या डोक्यावर चार टांगत्या कुंड्या आहेत. त्यात पोर्चुलाका. गुलाबी, केशरी, पिवळी फुलं. ऊन वर आलं की उमलायची आणि दुपार कलली की मिटायची. नर्सरीतून पैसे मोजून आणलेली. आता हिला कोण सांगणार की ती पोर्चुलाका आणि ही घोळ एकाच घराण्यातल्या, अगदी सख्ख्या चुलत बहिणी. एकीला टांगून ठेवलंय आणि दुसरीला उपटायला माळी लावलाय. एकदा सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, मग तुमच्या चुलत भावाला आणि तुम्हाला लोक सारखंच वागवतात का. विषय तिथेच संपला.

घोळीशी माझी ओळख रामबागेतली. भाड्याचं घर, मागे मातीचं अंगण, अंगणाच्या टोकाला नळ. 1978 साली इंदुरात नर्मदेचं पाणी आलं तेव्हा मी सहावीत होतो. नळाला नर्मदा आली म्हणून आजीने तोटीला हळदकुंकू लावलं होतं, ते मला स्पष्ट आठवतं. ती तोटी पुढे कायमची गळत राहिली. नळाभोवती घोळ अशी माजायची की पाय ठेवायला जागा नसे. पण आजी ती तोडू द्यायची नाही. "नळाजवळची मुळमुळीत असते. भिंतीकडची आणा." भिंतीकडे ऊन, माती कोरडी, आणि घोळ बारीक पानांची, लाल, चेंगटासारखी जमिनीला चिकटून बसलेली. ती तोडायची, तीही शाळेच्या आधी. उन्हं चढली की तिच्यातली चव उडून जाते, असं आजीचं म्हणणं. त्यामुळे पावसाने ओढ दिली की आम्ही चार भावंडं सकाळी साडेसहाला, दात घासायच्या आधी, वाट्या घेऊन अंगणात.

तोडून झालं की परीक्षा. आजी ओट्यावर बसायची आणि प्रत्येकाच्या वाटीतून दोन-तीन काड्या उचलायची. "मोडून दाखव." काडी मोडायची. स्वच्छ पाणी दिसलं तर पास. पांढरा चीक आला तर ती दुधी. तीही तशीच जमिनीलगत पसरते आणि घाईत घोळीत घुसते. दुधी सापडली की ती अख्खी वाटी ओट्यावर उपडी व्हायची, सगळं पुन्हा निवडायचं, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. माझा धाकटा भाऊ दर वेळी नापास व्हायचा. आज तो बँकेत कर्जाची प्रकरणं तपासतो.

घोळीबरोबर मूठभर आंबुशी असायचीच. तीन बदामी पानं, छोटं पिवळं फूल. तिच्या शेंगा पिकल्या की बोट लावताच फट्‌कन उडतात आणि बिया तोंडावर येतात. अर्धी सकाळ त्यातच जायची. चटणी वाटून उरलेली आंबुशी आजी देवघरात न्यायची. काळवंडलेल्या ताम्हनावर चिमूटभर मीठ टाकून तिने आंबुशीचा बोळा फिरवला की त्यामागून तांबं उघडं पडत यायचं, कोवळं, गुलाबी. जे तांब्याची काजळी काढतं तेच आपण खातोय, याची भीती मला तेव्हा वाटायची. मजाही वाटायची.

चटणीत कधी चार पानं तांदुळजाची, कधी पुनर्नवेचे कोवळे शेंडे, कधी शेवग्याचा पाला. जे आलंय ते. त्यामुळे सोमवारची चटणी गुरुवारी मिळायची नाही. जेवायला आलेल्या पाहुण्याने विचारलं, वहिनी, कसली हो चटणी? की आजीचं उत्तर ठरलेलं. "अंगणाची."

पाट्यावर आधी दाणे आणि तीळ, मग मिरची-लसूण-जिरं, शेवटी पाला. पाल्याला आधी तेलावर एक परतणी, नाहीतर घोळ वाटताना बुळबुळीत होते. मीठ हात आखडून, कारण घोळीत तिचं स्वतःचं असतं. गुळाचा खडा सुपारीएवढा. आणि चिंच अजिबात नाही. चिंच घालायची तर मग घोळ कशाला, चिंचेचीच करा. हे आजीचं मत मी वारशात जसंच्या तसं घेतलंय आणि त्यावरून घरात आजवर किमान तीन भांडणं झालेली आहेत.

पाटा अजून आहे. मागच्या पायरीवर, त्यावर कुंडी. त्याला टाकी लावायला एक बाई यायची, छिन्नी-हातोडी घेऊन. टाकी लावून झाली की माथ्याशी दोन रेघांत मासा काढून द्यायची. त्याचे पैसे घेत नसे. आता पाट्यावर मासाही राहिला नाही आणि धारही. मी मिक्सरमध्येच वाटतो. मिक्सरने चव मरते वगैरे म्हणणाऱ्यांचे गुडघे चांगले असावेत.

सकाळच्या तोडणीचा आजीचा हट्ट मी इतकी वर्षं सोवळ्याओवळ्याच्या खात्यात टाकला होता. मुलगी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकत होती तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, बाबा, घोळीचं सकाळचं पान दुपारच्यापेक्षा खरंच जास्त आंबट असतं. पाणी कमी पडलं की ही वनस्पती दिवसा पानांची तोंडं मिटून बसते आणि रात्री हवा आत घेते. त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक ॲसिड करून साठवून ठेवते. कच्च्या सफरचंदात असतं ते. दिवसा ऊन आलं की ते ॲसिड मोडून वापरते. म्हणजे पहाटे कोठार भरलेलं, संध्याकाळी रिकामं. आणि ज्या घोळीला पाण्याची ददात नाही, ती कशाला एवढा खटाटोप करील? नळाजवळची मुळमुळीत! मी घास तसाच हातात धरून बसलो. आजी चौथी शिकलेली होती.

तर माझ्या हातातली घोळ दुपारची होती. यंदाही पावसाने पंधरा दिवस ओढ दिलेली, म्हणजे सकाळी तोडली असती तर नामी निघाली असती. कढीपत्त्याच्या कुंडीत आंबुशी शोधली, चारच काड्या मिळाल्या. तीन पाण्यांतून सगळं धुतलं, काड्या मोडून पाहिल्या (सवय), परतलं, वाटलं. बायको बाजूला उभं राहून बघत होती. "मुतखड्याचं लक्षात आहे ना?" आहे. डॉक्टरांनी पालक बंद केला तेव्हा मी घोळीचं नाव काढलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. ऑक्झलेट तिच्यातही भरपूर असतं. म्हणून दोनच चमचे, तेही दह्यात कालवून. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं म्हणतात. आजीही दह्यातच कालवायची. तिला मुतखडा नव्हता, दही आवडायचं.

चव बेताची होती. फिकी. बायकोने चाखली, काही बोलली नाही, डब्यातून मूठभर लसणाची सेव काढून वर घातली, चिमूटभर जिरावन मसाला भुरभुरला आणि पोळीबरोबर खायला लागली. इंदुरात पदार्थ बिघडत नाही, फक्त सेव जास्त लागते.

मी जेवणाचं पान घेऊन पुढच्या पायरीवर बसलो. डोक्यात ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, म्हणून आजी अंगणातलं न पेरलेलं सगळं त्या भाजीत ढकलायची. आता भाजीवाला ऋषीच्या भाजीचा तयार वाटा देतो आणि अंगणातलं न पेरलेलं आपण ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकतो. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, उगीच नाही. देवगुराडियाला 2022 पासून ओल्या कचऱ्याचा गॅस करतात, दिवसाला 550 टन कचरा घेईल एवढा प्लांट आहे, आणि त्या गॅसवर सिटी बस धावते. म्हणजे आमच्या घोळीवर एखादी बस राजवाड्याशी दोन पावलं पुढे सरकत असेल. हेही काही वाईट नाही.

इतक्यात माळी परत आला. ढिगापाशी वाकला, वरचं गवत बाजूला केलं, खालचं चाचपलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, इसमें से कुछ निकाला क्या?"

मला शाळेत पकडल्यासारखं झालं. "वो लोनिया थी ना... चटनी बनाई." माझं हिंदी अशा वेळी आणखी मराठी होतं. त्याचा विश्वास बसेना. मी आतून पोळी आणली, वर चटणी घातली, त्याच्या हातावर ठेवली. त्याने सेव बोटाने बाजूला सारली, नुसती चटणी चाखली, जीभ टाळूला लावून क्षणभर थांबला.

"खटाई कम है बाबूजी. लोनिया सुबह तोड़ना था."

मी मोठ्याने हसलो. आजीची आठवण सांगावीशी वाटली, पण एवढं हिंदी जमलं नसतं. तो दर रविवारी निघताना ढिगातला एक भाग वेगळा करून फडक्यात बांधतो आणि सायकलच्या कॅरिअरला लावून नेतो. बकरीला. तिचाच घास मी पळवला होता. म्हणून गमतीत म्हटलं, "फिर आज आपकी बकरी क्या खाएगी?"

"बकरी?" तो म्हणाला. "बकरी तो तीन साल हुए, बेच दी."

आणि खाली बसून, ढिगात जी काय थोडी घोळ उरली होती ती तो वेचायला लागला. काडी मोडून पाहत होता. मी पान खाली ठेवलं आणि हात धुवायला आत गेलो.